मृत्यू सांगितला, कारण राहिले: पाच वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

आई, वडील, अकरा वर्षांचा मुलगा आणि सव्वापाच वर्षांची मुलगी असे चौघांचे कुटुंब. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलांचा उल्लेख थोरला आणि धाकटी असा केला आहे.

वडील चाळिशीच्या आतले, कसलाही आजार नसलेले. एका संध्याकाळी सहाच्या सुमारास ते डोके धरूनच घरी आले. आईने डोकेदुखीची गोळी दिली, दिवा मालवला आणि त्यांना पडून राहायला सांगितले. सातच्या आसपास धाकटी खालून खेळून वर आली आणि कपाटातली पिपाणी काढून वाजवू लागली. थोरला तिच्यावर खेकसला, "बंद कर ते! तुझ्यामुळे बाबांचं डोकं दुखतंय." नऊ वाजता वडिलांना उलट्या सुरू झाल्या, अकराला ते बेशुद्ध पडले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. एका धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा फुटला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे अतिदक्षता विभागात त्यांचा मृत्यू झाला.

यानंतरचे बरेचसे कुटुंबाने नीट केले. आईने त्याच सकाळी दोन्ही मुलांना जवळ घेऊन सांगितले, "बाबा मेले. त्यांचं शरीर आता काम करत नाही. ते परत येणार नाहीत." नातेवाइकांना हे फार कठोर वाटले, पण आई ठाम राहिली. बाबा झोपलेत किंवा लांब गेलेत असे कुणालाही सांगू दिले नाही. पहिल्याने मूल रात्री डोळे मिटायला घाबरते, दुसऱ्याने दाराकडे बघत बसते. अंत्यदर्शनाला मुले होती. तिथे काय दिसेल, लोक रडतील, बाबांचा हात गार लागेल, हे आधी सांगितले होते. धाकटीला वाटेल तेव्हा बाहेर न्यायला मावशीला वेगळे नेमले होते आणि मावशीकडे दुसरे कोणतेही काम दिले नव्हते.

बाबा कशाने मेले, हे मात्र दोन्ही मुलांना समोर बसवून कुणी सांगितले नाही. ते लपवायचे असे कुणी ठरवले नव्हते. मोठ्यांच्या बोलण्यात ते इतक्यांदा येऊन गेले होते की मुलांना माहीत असणार, असेच सगळ्यांनी धरून चालले.

अडचण

पहिल्याच आठवड्यात धाकटी कुजबुजत बोलू लागली. घरात सगळेच हळू बोलत होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही. उलट येणारे जाणारे कौतुक करत, "किती शहाणी झालीय, आईला अजिबात त्रास देत नाही." तिसऱ्या आठवड्यात आईला ते खटकले. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर वर्गशिक्षिकेला वाटले की हिला ऐकू कमी येत असावे. बाईंनी सद्हेतूने एक उपायही सुरू केला: मोठ्याने उत्तर दिले की वहीत स्टिकर. चौथ्या दिवशी धाकटीने तोंडावर हात ठेवला आणि वर्गात कुजबुजणेही बंद केले.

सातव्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. श्रवण चाचणी सामान्य होती, स्वरयंत्रही ठीक होते. तिथे एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली गेली: तिचा खोकला मोकळ्या आवाजात येत होता. आईलाही मग आठवले की झोपेत ती स्पष्ट आणि चांगल्या मोठ्या आवाजात बोलते. म्हणजे आवाज शाबूत होता; जागेपणी ती तो वापरत नव्हती. पुढच्या तारखा मिळण्यात आणखी तीन आठवडे गेले आणि अकराव्या आठवड्यात कुटुंब बालसमुपदेशकांकडे आले.

पहिली भेट: फक्त आई

पहिल्या भेटीत मुलीला बोलावले नव्हते. त्या संध्याकाळपासून अंत्यविधीपर्यंतचा तक्ता आईकडून तासातासाने भरून घेतला. प्रत्येक वेळी धाकटी कुठे होती, तिच्यासमोर कोण काय बोलले, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत. यात दीड तास गेला आणि दोन वाक्ये हाती लागली. एक, थोरल्याचे पिपाणीबद्दलचे. दुसरे, भेटायला येणाऱ्यांना दिवसभर सांगितले जाणारे, "अचानक डोक्यातली नस फुटली." दोन्ही वेळी धाकटी त्याच खोलीत होती.

अशा तक्त्याला लोक कंटाळतात आणि थेट मुलाच्या वागण्यावर येऊ पाहतात. पण लहान मुले कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे धरून ठेवतात आणि स्वतःचे स्पष्टीकरण त्यांतूनच रचतात. ते शब्द माहीत नसतील तर पुढच्या खेळात काय चालले आहे, ते समोर असूनही दिसत नाही.

दुसरी भेट: धाकटी

मुलांना मृत्यू कसा कळतो यावर मारिया नाज यांनी हंगेरीतल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पाचाच्या आतली मुले मृत्यूला झोप किंवा दूर जाणे समजतात, पाच ते नऊ या वयात त्याला एखाद्या व्यक्तीचे रूप देतात आणि त्यानंतर त्याची अटळता ओळखतात, अशी त्यांची मांडणी होती. मधला टप्पा पुढे इतर ठिकाणच्या मुलांत तितकासा आढळला नाही. आता वयाच्या टप्प्यापेक्षा समजेचे घटक वेगवेगळे तपासणे जास्त उपयोगी मानले जाते. स्पीस आणि ब्रेंट यांनी १९८४ मध्ये तीन घटक मांडले: मृत्यू परतवता येत नाही, शरीराची सगळी कामे थांबतात, आणि तो प्रत्येकाला येतो. बहुतेक मुलांना हे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगते. चौथा घटक कारणाचा, माणूस कशाने मरतो याचा. तो सहसा सगळ्यांत शेवटी पक्का होतो.

धाकटीला हेच चार प्रश्न खेळता खेळता विचारले. मेलेला माणूस परत येतो का? तिने मान हलवली: नाही. त्याला भूक लागते का? नाही, पण थंडी वाजत असेल, असे ती कुजबुजली. सगळेच मरतात का? "म्हातारे. आणि बाबा." माणूस कशाने मरतो? या प्रश्नावर तिने ओठ घट्ट मिटले आणि बाहुल्यांच्या घराकडे वळली.

तिथे तिने बाबा बाहुला पलंगावर ठेवला, बाकीच्या बाहुल्यांची तोंडे भिंतीकडे केली आणि खेळण्यातला छोटा ढोल रुमालात गुंडाळून कपाटात कोंबला. "ढोल आत का ठेवला?" या प्रश्नाला उत्तर आले, "आवाज झाला की फुटतं." काय फुटते? "नस."

माझ्या आवाजाने बाबांचे डोके दुखले. डोक्यातली नस फुटली. म्हणून बाबा मेले. आता आई उरली आहे, तर आवाज करायचा नाही. पाच वर्षांच्या मुलीने काढलेला हा निष्कर्ष तिला मिळालेल्या माहितीवरून तर्काला धरूनच होता. या वयात जगातल्या घटना आपल्यामुळे घडतात असे मुलांना सहज वाटते, हे खरे. इथे तर मोठ्या भावाने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. शिवाय आईने ‘परत येणार नाहीत’ हे इतके स्पष्ट समजावले होते की धाकटीच्या हिशेबात तिची चूक कधीच दुरुस्त होणार नव्हती.

पहिला निर्णय: तिथेच खोडून काढायचे का?

समुपदेशकांनी लगेच सविस्तर उलगडा केला असता तर मुलीला त्याच दिवशी सुटका मिळाली असती. पण रात्री अडीचला तोच प्रश्न पुन्हा आला की उत्तर द्यायला आईच असणार, आणि आईचे उत्तर थोडे जरी वेगळे पडले तर मूल दोन्हींवर अविश्वास दाखवते. दुसरीकडे, असे ओझे कळूनही मुलीला चार दिवस तसेच ठेवणे बरोबर नव्हते. म्हणून तेव्हा एवढेच सांगितले: "बाबा आवाजाने मेले नाहीत. ते कशाने मेले, हे आई तुला नीट सांगणार आहे. मी पण असेन." तिने विचारले, "कधी?" तिला वार सांगितला आणि तो पाळला.

समोर असलेले पर्याय

थांबून पाहणे. शोकाला वेळ लागतो, दहा मिनिटे रडून मूल खेळायला पळाले तरी त्यात वावगे काही नसते. स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये शोकातला माणूस दुःख आणि रोजचे जगणे यांच्यामध्ये सतत ये-जा करतो, असे मांडले. मुलांत ही ये-जा फारच जलद दिसते. पण धाकटीची ये-जाच थांबली होती. ती कुठल्याही खेळात, कुठल्याही वेळी आवाज सोडत नव्हती, आणि चुकीचे कारण वाट पाहून आपोआप सुधारत नाही.

थेट बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे. निवडक मूकता हा शब्द शाळेतून आला होता. त्यात मूल काही ठिकाणी, बहुधा घरी, मोकळे बोलते आणि काही ठिकाणी बोलत नाही. धाकटी घरीही मोकळे बोलत नव्हती. हा पर्याय राखून ठेवला: सहा आठवड्यांत फरक पडला नाही किंवा खाणे, झोप, शाळेत जाणे ढासळले, तर पाठवायचे.

बक्षिसे देऊन बोलते करणे. हे करून झाले होते. आवाजाने आई मरेल असे ज्या मुलीला वाटते, तिला स्टिकरच्या बदल्यात आवाज मागितला जात होता.

आईने कारण समजावणे, समुपदेशकांनी सोबत राहणे. हा पर्याय निवडला.

काय केले

आईची तयारी हे सगळ्यांत वेळखाऊ काम ठरले. तिचा पहिला ओढा "तुझी काहीच चूक नाही, बाळा" म्हणण्याचा होता. वाक्य खरे आहे, पण एकट्याने ते फारसे काम करत नाही. मुलीच्या डोक्यात आवाजापासून मृत्यूपर्यंतची पूर्ण साखळी होती. तिच्या जागी दुसरी साखळी दिल्याशिवाय पहिली सुटत नाही.

ती दुसरी साखळी बांधण्यासाठी आईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांच्याकडून हवे होते ते कळले: सहा वाजता सुरू झालेली डोकेदुखी हेच रक्तस्रावाचे लक्षण होते. अशा डोकेदुखीत उजेड आणि आवाज सहन होत नाही. म्हणजे क्रम नेमका उलटा होता. मुलांची तपासणी आत्ता गरजेची नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट केले.

मग आईने वाक्ये लिहून काढली आणि मोठ्याने म्हणून पाहिली. पहिल्या मसुद्यात ‘फुग्यासारखी फुगली’ असे होते, ते काढले. या वयाचे मूल उपमा शब्दशः घेते आणि पुढच्या वाढदिवसाला फुगे पाहून घाबरते. अंतिम रूप असे होते:

"बाबांच्या डोक्यात रक्ताची एक नळी होती. ती आधीपासूनच एका जागी पातळ झाली होती. बाबांनाही ते माहीत नव्हतं. त्या दिवशी तिच्यातून रक्त बाहेर यायला लागलं, म्हणून त्यांचं डोकं दुखायला लागलं. डोकं दुखत होतं, म्हणून त्यांना आवाज नको वाटला. तू पिपाणी वाजवलीस ती त्यानंतर. मग खूप रक्त आलं, मेंदूचं काम बंद पडलं आणि बाबा मेले. पिपाणीनं नळी फुटली नाही."

हे सांगताना तीन चित्रे समोर ठेवली: पातळ नळी, डोके धरलेले बाबा, पिपाणी. सांगून झाल्यावर चित्रे मिसळली आणि धाकटीला क्रमाने लावायला सांगितली. नुसते "कळलं का?" विचारले की मुले हो म्हणतात, चित्रांचा क्रम हो म्हणून लागत नाही. धाकटीने पिपाणी पहिली ठेवली.

दुसरा निर्णय: थोरल्याला कुठे ठेवायचे

त्याने बहिणीची माफी मागावी, असे आईला वाटत होते. समुपदेशकांनी विरोध केला, आणि ते योग्यच होते. माफी मागितली असती तर त्याच्यावर नवा आरोप झाला असता आणि धाकटीला वाटले असते की यात कुणाची तरी चूक होतीच. त्याऐवजी त्याला साक्षीदार म्हणून बोलावले. त्याला आधी एकट्याला तीच चित्रे दाखवली, मग बहिणीसमोर एकच प्रश्न विचारला: बाबा घरी आले तेव्हा तू काय पाहिलेस? तो म्हणाला, "दारातच डोकं धरून उभे होते. तू खाली खेळत होतीस. तुझी पिपाणी कपाटात होती, तू नंतर येऊन घेतलीस." धाकटीने बराच वेळ चित्रांकडे पाहिले आणि पिपाणी शेवटी सरकवली. पुढच्या आठवड्यात तिने हा क्रम आणखी चारदा लावून पाहिला, दोनदा मध्यरात्री.

लगेच पुढचा प्रश्न आला: "माझ्या डोक्यात पण पातळ नळी आहे?" चित्रात फक्त बिघडलेली नळी होती, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. चांगल्या जाड नळीचे चौथे चित्र काढून दिले आणि असे लहान मुलांना फारच क्वचित होते, हे सांगितले. ‘कधीच होत नाही’ म्हटले नाही. आईचे डोके दुखले तर काय, हेही ठरवले: आई लपवणार नाही, "हे साधं दुखणं आहे, मी बोलतेय, चालतेय, आणि फार दुखलं तर लगेच डॉक्टरकडे जाईन" असे म्हणेल.

शाळेत

स्टिकर बंद झाले. कुजबुजून दिलेले उत्तर पूर्ण उत्तर मानायचे, सर्वांसमोर उभे करायचे नाही, आवाज निघाला तर त्याची वाहवा करायची नाही, एवढे तीन नियम बाईंना लिहून दिले. तिसरा पाळणे सगळ्यांत अवघड गेले.

परिणाम

पहिला मोकळा आवाज दहाव्या दिवशी, मैदानात, मैत्रिणीला हाक मारताना निघाला. घरात तीन आठवड्यांत आवाज बराचसा परतला, वर्गात सहा आठवड्यांनी. गाणे म्हणायला पुढचे सत्र उजाडले. मध्ये आईला सर्दीने डोके दुखले तेव्हा दोन दिवस पुन्हा कुजबुज झाली. ठरलेले वाक्य आणि चित्रे यांनी ती ओसरली. आवाज परतल्यावर धाकटी रडू लागली, हट्ट करू लागली, "बाबा हवेत" म्हणू लागली. घरच्यांना हे बिघडल्यासारखे वाटले. खरे तर अडलेला शोक आत्ता सुरू झाला होता. एकदा ती म्हणाली, "मला बाबांकडे जायचंय." या वयात हे बहुधा भेटीच्या ओढीतून येते, तरी गृहीत न धरता "म्हणजे काय करायचंय?" असे सरळ विचारले. तिला बाबांना चित्र द्यायचे होते.

थोरल्याचे तितके बरे झाले नाही. "आता तूच घरातला मोठा" हे त्याने इतक्यांदा ऐकले होते की तो रोज रात्री कड्या तपासत होता आणि मित्रांशी भांडत होता. दोन भेटींनंतर त्याने यायचे नाकारले. पाच महिन्यांनी स्वतःहून आला आणि विचारले: आईने गोळी देण्याऐवजी तेव्हाच दवाखान्यात नेले असते तर? याला धाकटीसारखे नीट बंद होणारे उत्तर नव्हते. काहीच करता आले नसते, असे म्हणणे सोयीचे होते. पण अकरा-बारा वर्षांचे मूल ते पडताळून पाहते. त्याला सांगितले की लवकर नेणे नेहमी चांगलेच, इथे काय झाले असते ते डॉक्टरही ठामपणे सांगू शकत नाहीत, आणि रोजच्या डोकेदुखीपेक्षा हे वेगळे आहे हे आईला तेव्हा दिसले नव्हते. आईही रोज त्याच गोळीपाशी अडत होती. तिला स्वतंत्र समुपदेशनासाठी पाठवले.

वेगळे काय करता आले असते

मृत्यूची बातमी देताना कारणाची दोन वाक्ये आणि "तुला काय वाटतं, कशामुळे झालं?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला असता तर बहुधा हे प्रकरण उभेच राहिले नसते. ते काम मावशी, शिक्षक किंवा दवाखान्यातले कुणीही करू शकते. प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. कानावर नवे शब्द पडत राहतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावा.

कानाची तपासणी आवश्यक होती, पण तिचा निकाल येईपर्यंत समुपदेशन थांबवायची गरज नव्हती. दोन्ही एकाच वेळी सुरू झाले असते तर तीन-चार आठवडे वाचले असते.

थोरल्याला त्याच्या बहिणीच्या कामासाठी बोलावले गेले, स्वतःसाठी नाही. ते त्याच्या लक्षात आले असावे. त्याची स्वतंत्र भेट पहिल्या आठवड्यातच हवी होती. ‘घरातला मोठा’ हे म्हणणे थांबवायला नातेवाइकांनाही कुणी सांगितले नाही.

पाठपुरावा किती काळ ठेवायचा, यावर मतभेद झाला. शोकविकाराच्या, म्हणजे लांबत जाऊन जगणे अडवणाऱ्या शोकाच्या, निदानासाठी २०२२ च्या डीएसएम-५-टीआर मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) प्रौढांना किमान १२ महिने आणि मुलांना ६ महिने उलटलेले असावे लागतात. धाकटी सहा महिन्यांच्या आत सावरली होती, त्यामुळे प्रकरण बंद करावे असे एक मत होते. पण वर्डन आणि सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा काही मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जास्त ठळक झालेल्या दिसल्या. शिवाय धाकटी आठ-नऊ वर्षांची झाली की ‘बाबा लगेच डॉक्टरकडे का गेले नाहीत’ हा प्रश्न तिलाही पडणार आहे. म्हणून दुसऱ्या वर्षाअखेरची भेट ठरवली आहे. त्या भेटीत थोरल्याला आधी आणि एकट्याला बोलवायचे आहे.